कोर्ट तेच, डबल्स वेगळं: बॅडमिंटनवाल्यांसाठी पिकलबॉल

आमच्या सोसायटीत बॅडमिंटनच्या कोर्टावरच पिवळे पट्टे मारून पिकलबॉल सुरू झाला, तेव्हा मला वाटलं, यात शिकायचं काय? वीस वर्षं डबल्स खेळतोय. पहिल्याच गेममध्ये चेंडू जाळ्याजवळ अलगद वर आला. मी झेपावून तो खाली ठोकला आणि मूठ वर केली. समोरचे काका शांतपणे म्हणाले, "किचन!"

गफलत होणं साहजिक आहे. दोन्ही खेळांचं डबल्सचं कोर्ट एकाच मापाचं, ४४ बाय २० फूट. पिकलबॉल जन्मलाच मुळी बॅडमिंटनच्या कोर्टावर. १९६५ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन तो सुरू केला. चेंडू टप्पा घेऊन बरा उसळतो म्हटल्यावर जाळं खाली उतरलं. आज ते मध्यभागी ३४ इंच असतं. बॅडमिंटनचं पाच फूट. (बॅडमिंटनला एकेकाळी 'पूना' म्हणत. तेव्हा पुणेकरांनी पिकलबॉलवरही थोडा हक्क सांगायला हरकत नाही. आम्ही सांगतोच.)

जाळं कंबरेइतकं आलं की उंच माणूस पुढे उभा राहून सगळंच ठोकून काढेल. तसं होऊ नये म्हणून किचन. जाळ्यापासून सात फुटांचा पट्टा, रेषेसकट. त्यात पाय ठेवायला बंदी नाही. टप्पा पडलेला चेंडू आत जाऊन खुशाल मारा. बंदी आहे ती टप्पा न पडलेला चेंडू तिथून मारायला. बाहेरून मारलात आणि तोल जाऊन पाऊल आत पडलं, तरी फॉल्टच. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन साडेसहा फुटांवर असते आणि पुष्कळ ठिकाणी तीच किचनची रेषा धरून खेळतात. असं करू नका. तिथे सवय लागली की खऱ्या कोर्टावर तो अर्धा फूट नडतो.

दुसरी खोड मोडायला मला महिना लागला. बॅडमिंटनमध्ये हल्ला करताना आपण पुढे-मागे होतो आणि बचावाला शेजारी-शेजारी येतो. पिकलबॉलमध्ये हल्ला असो की बचाव, दोघं शेजारी-शेजारीच, आणि जमेल तितक्या लवकर दोघंही किचनच्या रेषेपाशी. एक पुढे, एक मागे राहिला की मधली तिरकी फट समोरच्याला आयतीच मिळते. पार्टनर पुढे गेला की मी सवयीने मागे सरकायचो आणि शिव्या खायचो.

सर्व्हिसचा हिशेब तर पार उलटा. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस करणारा पुढेच असतो, परतीचं शटल जरा उंच आलं की झडप घालतो. इथे सर्व्हिसला एक टप्पा पडायलाच हवा, आणि ती परतवल्यावर आपल्या बाजूलाही एक टप्पा. म्हणजे सर्व्हिस करणारी जोडी मागच्या रेषेपाशी अडकते. समोर मात्र एक जण आधीच किचनच्या रेषेवर उभा असतो आणि दुसरा खोल रिटर्न मारून त्याच्या शेजारी येतो. म्हणून तिसरा फटका जोरात मारायचा मोह आवरा. चेंडू त्यांच्या किचनमध्ये हलकेच पडेल असा सोडा आणि तो खाली येईस्तोवर दोघं पुढे सरका. तिथून पुढचा खेळ डिंकचा: किचनमधून किचनमध्ये, जाळ्याला चाटून. ज्याचा चेंडू आधी उंच उठला, तो गेला.

चेंडू दोघांच्या मधून आला तर? ज्याचा फोरहँड मध्ये आहे त्याचा. "माझा!" असं ओरडा मात्र.

राहिला स्कोअर. "चार-दोन-एक" असा पुकारा ऐकून नवा माणूस गांगरतो. आपले चार, त्यांचे दोन आणि आपला पहिला सर्व्हर. पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीला मिळतो, गेम ११ चा, दोनच्या फरकाने. पॉइंट मिळाला की सर्व्हर आणि पार्टनर जागा बदलतात. पहिल्याने रॅली गमावली की दुसरा आहे त्याच बाजूने सर्व्हिस करतो. त्यानेही गमावली की साइड आउट. मग समोरच्यांची सर्व्हिस नेहमी उजवीकडून सुरू होते. गेमची सुरुवात मात्र "शून्य-शून्य-दोन". पहिल्या पाळीला एकच सर्व्हर, नाहीतर आधी सर्व्हिस मिळालेल्यांना फुकटचा फायदा.

आमच्यातल्या तरुण पोरांना हे पाठ करावं लागलं. काकांना नाही. २००६ मध्ये बॅडमिंटनला २१ चा रॅली स्कोअर (सर्व्हिस कोणाचीही असो, रॅली जिंकणाऱ्याला पॉइंट) आला, त्याआधी डबल्समध्ये दोघांनाही सर्व्हिस मिळायची, पॉइंट सर्व्हिसवाल्यांनाच आणि पहिल्या पाळीला एकच हात. "अरे, ही तर आमची सेकंड सर्व्हिस!" असं म्हणत काकांनी चेंडू हातात घेतला.