घाटातली सात आसनी गाडी: कोणती तक्रार थांबू शकते, कोणती नाही
आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘गाडी जरा आवाज करतेय, बघून घ्या’ एवढ्यावर जॉब कार्ड भरलं, तर चुकीचा पार्ट बदलला जाण्याची भीती असते. आवाज नेमका कधी येतो, इंजिन गार असताना की गरम, किती वेगाला, वळताना की खड्ड्यात, गाडीत दोघे असताना की सातही जण बसलेले असताना, हे सांगितलंत तर अर्धं काम झालं. हे पत्रक त्यासाठी आहे. साताऱ्याहून महाबळेश्वर, आंबेनळी, कुंभार्ली अशा वाटांनी भरलेली गाडी नेणाऱ्या घरांसाठी ते लिहिलं आहे, म्हणून यात ब्रेकला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

आधी दिवे

लाल दिवा म्हणजे थांबा. तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा, ‘पुढच्या पंपापर्यंत’सुद्धा नेऊ नका, तेलाचं प्रेशर नसताना बेअरिंग जाम व्हायला फार वेळ लागत नाही. तापमानाचा काटा लालमध्ये गेला तर गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि किमान पाऊण तास कूलंटच्या झाकणाला हात लावू नका. प्रेशरमुळे आतलं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम वाफ होऊन अंगावर येतं.

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत आणता येते. पेट्रोल गाडीत तोच दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. ठिणगी देणाऱ्या एका इग्निशन कॉइलच्या कामात मग कन्व्हर्टरचा खर्च वाढतो.

ब्रेक: ‘लागत नाहीत’ म्हणजे नेमकं काय?

या एका वाक्यामागे निदान तीन वेगळे दोष असतात आणि पायाला ते वेगवेगळे कळतात.

पेडल नेहमीसारखं घट्ट आहे, जळका वास येतोय आणि गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरताहेत. पेडल स्पंजासारखं दबतं, दोन-तीनदा पंप केलं की थोडं वर येतं, तर ब्रेक ऑइल उकळलंय किंवा सिस्टिममध्ये हवा शिरलीय. पेडल दगडासारखं कडक झालंय आणि सगळा जोर लावावा लागतोय, तर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही.

तिसरा दोष घरी तपासता येतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. जागचं हललं नाही, तर व्हॅक्यूम पंप, पाइप किंवा बूस्टर बघावा लागेल आणि तोवर गाडी घाटात न्यायची नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, हा त्याचा गुणधर्मच आहे. नवं डॉट 4 (ब्रेक ऑइलची एक प्रत) किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा 155 अंशांवर येते. लांब उतारावर डिस्कवर पॅड दाबणारे कॅलिपर तापतात, तेलात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल जातं पण प्रेशर पॅडपर्यंत पोचत नाही. म्हणून गाडी कमी चालली असली तरी हे तेल दर दोन वर्षांनी बदला. साधारण एक लिटर लागतं आणि चारही चाकांतून जुनं तेल काढावं लागतं. नुसती वरची बाटली भरणं म्हणजे बदलणं नव्हे. बाटलीतली पातळी खाली येत असेल तर दोनच कारणं असतात: पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. दोन्ही न बघता वरून तेल ओतू नका.

पॅडचं मटेरियल 3 मिलिमीटरवर आलं की बदला. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेलेली डिस्क आम्ही लेथवर घासून परत बसवत नाही. एकाच चाकाचा आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा निम्मा शिल्लक आहे, तर कॅलिपरच्या स्लाइड पिना अडकल्यात. त्या साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. नवे पॅड टाकून पिना तशाच ठेवल्या तर तो खर्च वाया जातो. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडला टाकल्याशिवाय पिस्टन मागे ढकलू नये, मोटर तुटते. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं, त्याला डिस्कच्या जाडीतला 0.02 मिलिमीटर इतका फरकही पुरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मायक्रोमीटरने मोजावा लागतो.

आणि कळकळीची विनंती: उतारावर गाडी न्यूट्रलला टाकू नका. डिझेल वाचवण्यासाठी कित्येक जण हे करतात, पण वाचत काहीच नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिनं इंधन पूर्ण बंद करतात; न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगसाठी डिझेल जळत राहतं. इंजिनच बंद करून उतरणं तर जिवावरचा खेळ आहे. दोन-तीन ब्रेकनंतर बूस्टर संपतो, पॉवर स्टिअरिंगही जातं. दुसरा गिअर ठेवा, ब्रेक जोरात आणि थोडा वेळ लावा, मग सोडा. पाय सतत ठेवून उतरलात तर पॅड गार व्हायला वेळच मिळत नाही. वास आलाच तर सपाट जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते किंवा तडकते.

बीएस 6 डिझेलची तक्रार: ‘पिकअप गेला, दिवा लागला’

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे धुराच्या प्रदूषणाचं कडक मानक आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारी जाळी बसली, तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल पाठवून ती सुमारे 600 अंशांना तापवते आणि काजळी जाळते. याला सलग वेग लागतो. मुलांची शाळा आणि भाजी मंडई, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, एवढंच ज्या गाडीचं आयुष्य, तिची जाळी तुंबणारच. हा गाडीचा दोष नाही, वापर आणि गाडी यांचं जमलेलं नाही. रोजचा प्रवास एवढाच असेल तर पेट्रोल गाडी घ्या, असंच आम्ही सांगतो.

डीपीएफचा पिवळा दिवा नुकताच लागला असेल तर टाकीत पाव भागापेक्षा जास्त डिझेल आहे ना बघा आणि हायवेला गाडी काढा. 60 च्या वर वेग, इंजिन 2000 आरपीएमच्या वर, वीस-पंचवीस मिनिटं सलग. दिवा विझेपर्यंत बंद करू नका. आयडलिंग नेहमीपेक्षा चढं आहे, गरम वास येतोय, गाडी थांबवल्यावर पंखा बराच वेळ फिरतोय, याचा अर्थ जाळी जळायचं काम चालू होतं. अशा वेळी गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका. पावसाळा सरल्यावर माळरानावर आणि शेताच्या बांधाला आग लागायला तेवढी उष्णता पुरते.

हे काम पुन्हा पुन्हा अर्धवट तुटलं की जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघा. तेल कमी होणं सगळ्यांना कळतं. इथे मात्र पातळी वाढणं धोक्याचं आहे. कमाल खुणेच्याही वर तेल गेलं असेल तर गाडी चालवू नका, तेल पातळ झालंय.

जळून गेलेल्या काजळीची जागा मोकळी होते, पण इंजिन ऑइलची राख जाळीत कायम राहते. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचं तेलच घाला, इथे डब्यावरची किंमत बघून निवड करू नका. जाळी काढून पोकळ पाइप बसवायचं काम आम्ही करत नाही. ते बेकायदा आहे.

काही डिझेल गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करण्यासाठी निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तिच्यात 32.5 टक्के युरियाचं शुद्ध द्रावण जातं. शेतीचा युरिया पाण्यात कालवून घालू नका, इंजेक्टरला खडे धरतात. चुकून ते द्रावण डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी टो करून आणा. संपलं तर चालू गाडी चालत राहील, पण बंद केल्यावर परत सुरू होणार नाही.

पिकअप गेलाय आणि सोबत शिट्टीसारखा आवाज व काळा धूर आहे, तर जाळीआधी इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा गार करणारा भाग) रबरी पाइप बघा. तिथली चीर अनेकदा फक्त दाबाखाली उघडते.

पावसात पायाखाली पाणी

सनरूफ असलेल्या गाडीत गालिचा ओला झाला की काचेची रबर पट्टी बदलण्याचा आग्रह होतो. सनरूफ मुळात पूर्ण जलरोधक नसतं. आत आलेलं पाणी चौकटीच्या पन्हाळीतून कोपऱ्यांतल्या नळ्यांनी दरवाज्यांच्या खांबांमधून खाली जातं. धूळ आणि पाल्याने नळी तुंबली की पाणी छताच्या कापडावरून आत उतरतं. मे महिन्यातच तपासा. सनरूफ उघडून पन्हाळीच्या प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओता, गाडीखाली धार दिसली पाहिजे. तुंबलेली नळी गवत कापायच्या यंत्राच्या मऊ नायलॉन दोरीने मोकळी करा. कंप्रेसरची हवा मारलीत तर नळी आत जोडातून निसटते आणि मग अख्खं छत उतरवावं लागतं.

पाणी फक्त एसी चालवल्यावर आणि स्वच्छ येत असेल तर एसीची निचऱ्याची नळी. रंगीत, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर तेलकट धुकं धरत असेल तर हीटरची कॉइल गळतेय. ते कूलंट विषारी आहे, मुलांना लांब ठेवा. ओल कशाचीही असो, गालिच्याखालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि त्यातूनच वायरिंग जातं. वरून वाळलं म्हणून सोडू नका.

एअरबॅगचा दिवा

चावी फिरवल्यावर लागून काही सेकंदांत विझला तर ठीक. लागलेलाच राहिला, तर अपघातात एअरबॅग उघडेल असं धरून चालू नका. सोबत हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणंही बंद असतील तर स्टिअरिंगमधली गुंडाळी केबल तुटलीय. सीट पुढेमागे केल्यावर दिवा येत-जात असेल तर सीटखालचा पिवळा कनेक्टर. पिवळी वायर म्हणजे एअरबॅगची वायर, तिला घरी हात लावू नका.

सीटच्या कडेतून उघडणारी एअरबॅग असेल तर जाड, घट्ट शिवलेलं कव्हर तिला अडवतं. पुढचा लोखंडी गार्ड धडकेचा धक्का थेट चेसिसवर नेतो आणि सेन्सरची वेळ चुकवतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये असे गार्ड बेकायदा ठरवून काढायला लावले आहेत. आम्ही ते फुकट उतरवून देतो.

थोडक्यात काही आवाज

स्पीडब्रेकरवर हळू जाताना खडखड: बहुधा लिंक रॉड. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट: एक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घुंघुं, डावीकडे वळलं की जास्त होणारी: उजवं व्हील बेअरिंग, कारण तेव्हा भार तिकडे जातो. गाडी एका बाजूला ओढते: पुढचे दोन टायर आपसांत बदला, ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर टायरचा दोष, अलाइनमेंटचा नाही. एकाच दिशेने बसवायचे टायर असतील तर हा प्रयोग करू नका.

टायरच्या हवेचे दोन आकडे दरवाज्याच्या खांबावर असतात. सात माणसांना भरल्या गाडीचा आकडा लागतो, तोही टायर गार असताना. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर 120 च्या मर्यादेपर्यंत तासन्‌तास जाताना कमी हवेचा टायर कडेने दुमडत राहतो, तापतो आणि फुटतो. टायर कधी बनला ते कळायला त्याच्या कडेवरच्या DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद.

जे कंपनीने फुकट करायचं, त्याचे आम्हाला पैसे देऊ नका

जुनी गाडी घेतली असेल तर हे आधी करा. आरसीवरचा 17 अक्षरांचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल (दोषासाठी कंपनीने गाडी परत बोलावून फुकट दुरुस्त करणं) बाकी आहे का बघा. पत्रं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेली असतात. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतो आणि धातूचे तुकडे उडवत फुटतो. अनेक कंपन्यांनी त्यासाठी गाड्या परत बोलावल्या. कोकण-गोव्यात वापरलेली जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे टाळू नये.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम 110-अ आलं, नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीचा सुरक्षेचा दोष ‘वाहन’ पोर्टलवर नोंदवता येतो आणि एकाच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी जमल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. म्हणून एकट्याची तक्रारही नोंदवा. वॉरंटीतला दोष सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या, प्रत मागा; ‘जनरल चेकअप’ एवढं लिहू देऊ नका. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

आमच्याकडे येताना आधीची सगळी जॉब कार्डं, दिवा लागलेला असतानाचा डॅशबोर्डचा फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ आणा. आवाज फक्त गार इंजिनला येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी लावून जा, सकाळी पहिलं स्टार्ट आम्ही करू.