‘तसाच’ आणि ‘तोच’: मनाची प्रत आणि मरणारा माणूस

मेंदूतील आठवणी, स्वभाव, सवयी आणि विचार करण्याची ढब यांची पूर्ण प्रत संगणकात उतरवता आली, तर माणूस मृत्यूनंतरही उरेल, असे आता गंभीरपणे बोलले जाते. या बोलण्यात दोन निराळ्या कल्पना एकमेकींत मिसळलेल्या असतात. मराठीत त्यांच्यासाठी ‘तसाच’ आणि ‘तोच’ असे दोन सरळ शब्द आहेत; तत्त्वज्ञानात पहिल्याला गुणात्मक तादात्म्य आणि दुसऱ्याला संख्यात्मक तादात्म्य म्हणतात. एकाच साच्यातून निघालेली दोन नाणी अगदी तशीच असली तरी ती दोन असतात. उलट पाच वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांची वृद्धा यांच्यात दिसण्याचे, बोलण्याचे वा विचारांचे साम्य जवळजवळ नसले, तरी ती एकच व्यक्ती असू शकते.

घोटाळा होतो तो रोजच्या व्यवहारात ‘तसाच’ हा ‘तोच’ असल्याचा पुरावा ठरत आल्यामुळे. चेहरा, आवाज आणि जुन्या आठवणी जुळल्या की आपण माणूस ओळखतो, आणि एका माणसाच्या दोन प्रती कधी निघाल्याच नसल्याने ही ओळख सहसा चुकत नाही. भारतीय तर्कपरंपरेत या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात आणि ‘तोच हा देवदत्त’ हे तिचे ठरलेले उदाहरण आहे. अशा ओळखीच्या आधारे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, स्थिर आत्मा मांडला, तेव्हा बौद्धांनी दिव्याची ज्योत पुढे केली: क्षणाक्षणाला नवी होणारी ज्योतही आपल्याला तीच वाटते, आणि कापून पुन्हा वाढलेल्या नखांनाही आपण तीच नखे म्हणतो. बौद्धांनी यावरून स्थायी आत्माच नाकारला. तितके पुढे न जाताही त्यांचा एक मुद्दा मला निर्विवाद वाटतो, तो असा की नुसत्या साम्यावरूनही ‘तोच’ अशी खात्री वाटू शकते. संगणकातील प्रत ‘मी तोच आहे’ असे मनापासून म्हणेल आणि त्यात खोटेपणा नसेल. पण मूळ माणूस शेजारच्या खोलीत जिवंत बसलेला असतानाही ती हेच म्हणेल.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ मध्ये व्यक्तीचे एकपण शरीरावर किंवा आत्मद्रव्यावर नव्हे, तर जाणिवेच्या सातत्यावर उभे केले, आणि मनाच्या प्रतीचे समर्थक बहुधा याच वाटेने जातात. स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीड याने १७७५ मधील एका पत्रात या वाटेवरची अडचण नेमकी पकडली. माझ्या मेंदूची रचना मोडल्यावर शेकडो वर्षांनी त्याच द्रव्यातून पुन्हा एक बुद्धिमान जीव घडवला तर तो मी असेन का, आणि असे दोन किंवा तीन जीव घडवले तर ते सारे मीच असतील का, असे त्याने विचारले. दोन प्रती एकमेकींहून वेगळ्या असल्याने दोन्ही ‘तोच’ असू शकत नाहीत. एकच प्रत काढली तरी तिचे मूळ माणसाशी असलेले नाते तेच राहते. दुसरी प्रत कुठे निघाली की नाही, एवढ्यावर पहिलीचे ‘मी’पण ठरावे, हे पटण्यासारखे नाही.

मृत्यू ही अडचण झाकून टाकतो. समजा, इजा न करता प्रत काढता आली, प्रत बोलू लागली आणि अंथरुणावरच्या माणसाला सांगितले गेले की तुमचे आयुष्य आता तिकडे सुरू झाले आहे, तेव्हा इथले संपवायला हरकत नाही. हे कोणीही मान्य करणार नाही. मग तोच माणूस तासाभरापूर्वी वारला असता तर त्याच प्रतीला त्याचे जगणे म्हणायचे कशाच्या बळावर? त्याच्या मरणाने प्रतीत काहीच वाढत नाही. फक्त ‘मी अजून इथेच आहे’ असे म्हणणारा उरत नाही.

यावर आक्षेप येतो की कवितेची प्रत ही तीच कविता असते, मग मनाची का नाही? कविता हा नमुना आहे, तो कितीही ठिकाणी एकाच वेळी असू शकतो. माणसाला मात्र दुखते ते एका ठिकाणी, आणि जुळ्या नमुन्याच्या वेदनेने त्याची वेदना हलकी होत नाही. दुसरा आक्षेप जाणिवेत पडणाऱ्या खंडाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत शरीर २० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली थंड करून रक्ताभिसरण काही काळ थांबवतात. मेंदूतील विद्युत हालचाल जवळजवळ शांत होते, तरी शुद्धीवर येणाऱ्याला आपण तोच माणूस मानतो. यावरून जाणिवेत खंड पडल्याने माणूस संपत नाही, हे मी मान्य करतो. पण तिथे तोच मेंदू पुन्हा कामाला लागतो, त्याच्या वर्णनावरून दुसरीकडे नवा उभा केला जात नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट याने १९८४ मध्ये याहून धीट भूमिका घेतली: ‘तोच’ असणे महत्त्वाचे नाही, मनाचे सातत्य पुरेसे आहे. मला ही भूमिका प्रामाणिक वाटते, कारण ती प्रतीला ‘तोच’ ठरवण्याचा हट्ट सोडते. मागे राहणाऱ्यांना सल्ला मिळावा, अर्धे राहिलेले काम पुरे व्हावे, यासाठी ‘तसाच’ पुरतो. उद्याची सकाळ स्वतः पाहण्याची ज्याची इच्छा आहे, त्याची गरज वेगळी आहे, आणि पारफिटचा युक्तिवाद ऐकूनही ती इच्छा माझ्यातून जात नाही.

प्रत्यक्ष तंत्र अजून फार मागे आहे. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये, तर प्रौढ फळमाशीच्या सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशींचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८,६०० कोटी आहेत. हे दोन्ही नकाशे रसायनात स्थिर केलेल्या मृत ऊतींचे अतिशय पातळ काप घेऊन तयार झाले. माणसाच्या मनाची प्रत याच मार्गाने निघाली, तर प्रत जागी होईल तेव्हा तिच्या दाव्याला नकार देणारा मूळ मेंदू आधीच कापला गेलेला असेल.