बाटल्या भरायच्या आधी बिअर कशी निवळायची

आमचं घरी बिअर करायचं किट घेऊन गेलेल्यांचा दहाव्या-बाराव्या दिवशी हमखास मेसेज येतो, बिअर अजून गढूळच दिसतेय, भरू का? बिअर झाली की नाही हे नुसतं बघून कळत नाही, त्याला हायड्रोमीटरच (बिअरची घनता मोजणारी काचेची तरंगती नळी) लागतो, साखर संपत जाते तसं रीडिंग खाली येतं. आपल्या २३ लिटरच्या पेल एलचं (किटमधली फिकट रंगाची बिअर) रीडिंग साधारण १.०४० ला सुरू होतं आणि १.०१० च्या आसपास थांबतं, दोन दिवसांच्या अंतराने दोनदा सेम आलं की झालं. एअरलॉकमधल्या (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी पाण्याची नळी) बुडबुड्यांवर जाऊ नका, झाकण सैल असलं तरी ते बंद पडतात. आणि साखर शिल्लक असताना भरलीत तर काचेच्या बाटल्या फुटतात, इथे घाई करू नका प्लीज.

रीडिंग थांबलं तरी अजून दोन दिवस घरातल्या तापमानालाच ठेवा, लोण्यासारखा वास येत असेल तर यीस्ट तो स्वतःच संपवतं. मग थंडी द्यायची. इथे यूकेत जानेवारीत गॅरेज ४-५ डिग्रीवर असतं, तिथे दोन-तीन दिवस ठेवलं की यीस्ट तळाशी बसतं, बाकीच्या सीझनला जुना फ्रिज लागेल. थंड होताना फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) एअरलॉकमधलं पाणी आत ओढतो म्हणून त्यात पाण्याऐवजी थोडी व्होडका घाला.

एवढं करून खरं तर बहुतेक बिअर निवळते, निवळायची पावडर लागतेच असं नाही. लागलीच तर एक चमचा जिलेटिन कपभर गार पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून ७० डिग्रीपर्यंत गरम करायचं (उकळायचं नाही), थंड बिअरमध्ये हलकेच ओतायचं आणि दोन दिवस थांबायचं. पण जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून बनतं आणि आयझिंग्लास (निवळायला वापरतात तो दुसरा पदार्थ) माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, त्यामुळे तुमच्याकडे कोणी शाकाहारी पिणारं असेल तर त्यांना आधी सांगा किंवा ही दोन्ही टाळाच. जे स्वतः मॉल्ट (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा अर्क) उकळतात त्यांनी आयरिश मॉस वापरा, ते समुद्री शेवाळ आहे, गॅस बंद करायच्या पंधरा मिनिटं आधी टाकायचं. तुरटी फिरवू का असंही बरेच जण विचारतात, नको, ती पाण्यासाठी ठीक आहे, बिअरची चव तुरट होईल. व्हीट बिअर गढूळच असते, तिला निवळायच्या मागे लागू नका.

भरताना आधी बिअर सायफनने (उताराने द्रव ओढणारी नळी) एका स्वच्छ बादलीत काढायची, नळी गाळाच्या वर धरा आणि दुसरं टोक बादलीच्या तळाला टेकवा, वरून धार पडली की हवा मिसळते आणि महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटलीत गॅस व्हायला साखर लिटरमागे ६ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून आधी बादलीत घालायची. निवळलेल्या बिअरमध्ये गॅस कसा होणार याची काळजी नको, डोळ्याला न दिसणारं यीस्ट त्यात भरपूर असतं. बाटल्या दोन आठवडे २० डिग्रीच्या आसपास ठेवा. एक तरी प्लास्टिकची भरा, ती दाबून बघा, दगडासारखी कडक लागली की बाकीच्या फ्रिजमध्ये टाका.

(किट फक्त यूकेत पाठवतो. इथे घरापुरती बिअर करायला १९६३ पासून लायसन्स लागत नाही, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात विनापरवाना करणं गुन्हा आहे, त्यामुळे गावी जाताना बॅगेत किट नेऊ नका.)