‘त्या काळी बायका तशाच होत्या’ या समजाविषयी

जुन्या कादंबऱ्यांतील सतत लाजणाऱ्या, सोशिक, आरशात स्वतःचेच रूप न्याहाळणाऱ्या नायिका आज खोट्या वाटल्या तरी त्या काळी स्त्रिया तशाच होत्या, असा संदेश ठाण्यातील वाचकांच्या गटांत अधूनमधून फिरतो. हा समज स्वाभाविक आहे, कारण तो काळ बहुतेकांना कादंबऱ्यांतूनच भेटलेला असतो. परंतु पुरुष लेखकाने रंगवलेल्या स्त्रीला त्याचीच कादंबरी पुरावा ठरत नाही.

पुरावा बाहेर शोधावा लागतो. १८८२ साली एका स्त्रीने लिहिलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधात पुरुषांना रोखठोक जाब विचारला आहे, शिवाय तत्कालीन कथा-नाटकांतील स्त्रीचित्रणावरही टीका आहे. म्हणजे ते चित्र त्याच काळातील एका वाचक स्त्रीला पटले नव्हते. अर्थात एक निबंध म्हणजे सर्व स्त्रियांचे मत नव्हे.

म्हणून स्वतः पडताळावे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथालय आहे. अशा ठिकाणी जवळपास एकाच काळातील एक कादंबरी आणि एका स्त्रीचे आत्मचरित्र मिळवून, एकटी असताना ती कशाचा विचार करते, एवढेच दोन्हींत पाहावे. मात्र पुरुषाला स्त्री रंगवताच येत नाही, असा उलट निष्कर्षही टिकत नाही: तरुण विधवेच्या तोंडून सांगितलेली ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी पुरुषानेच लिहिलेली आहे.