फ्लटरची थरांची रचना

फ्लटर हे ॲपच्या स्क्रीन बनवायचं गूगलचं ओपन सोर्स यूआय फ्रेमवर्क, 1.0 आवृत्ती आली डिसेंबर 2018 मधे. यात तीन मोठे थर आहेत. वर डार्ट भाषेतलं फ्रेमवर्क, मधे मुख्यतः सी प्लस प्लसमधलं इंजिन, आणि तळाला एम्बेडर, जो अँड्रॉइड किंवा आयओएसकडून स्क्रीनवर जागा मागून घेतो आणि बोटाचा टच वर पोचवतो. नियम एकच, वरचा थर खालच्यावर अवलंबून.

समजा ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरची स्टेशनं दाखवणारं ॲप आहे. ऐरोली, रबाळे, घणसोली अशी यादी आपण विजेट्समधे लिहितो आणि बहुतेकांना वाटतं की विजेट म्हणजेच स्क्रीनवर दिसणारी गोष्ट, पण तसं नाहीये, विजेट हे फक्त वर्णन असतं, एकदा बनलं की बदलत नाही, पुढची गाडी आली की नवीन बनतं. टिकून राहतं ते एलिमेंट. ते जुनं आणि नवं विजेट ताडून बघतं, प्रकार आणि की (key, विजेटची ओळखखूण) जुळली तर तेच रेंडर ऑब्जेक्ट ठेवून त्यात फक्त बदललेलं भरतं, आणि माप काढणं, रंगवणं हे काम त्या रेंडर ऑब्जेक्टचं. म्हणून सारखं रीबिल्ड होऊनही ॲप सहसा अडखळत नाही. माझ्या मते फ्लटर शिकताना सगळ्यात आधी हेच नीट समजून घ्यायला हवं!

लेआउटमधे मर्यादा वरून खाली जातात, माप खालून वर येतं, जागा पालक, म्हणजे बाहेरचं विजेट, ठरवतो. रो मधे (गोष्टी आडव्या ओळीत मांडणारं विजेट) 'कोपरखैरणे' आणि शेजारी लांबलचक सूचना ठेवली की मजकूर मावत नसल्याचे पिवळे-काळे पट्टे दिसतात ते इथलेच, कारण रो आपल्या साध्या मुलांना, म्हणजे आतल्या विजेट्सना, रुंदीची मर्यादा घालतच नाही, सूचनेला एक्स्पांडेड लावलं की उरलेल्या जागेत बसते.

अक्षरं मात्र इंजिनमधे जुळतात. 'तुर्भे' मधला र् साठवताना भ च्या आधी येतो पण दिसतो वर रफार म्हणून, ही जुळणी हार्फबझ लायब्ररी करते.

चित्र काढायला आधी स्किआ ही लायब्ररी होती, त्यात शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम) ॲप चालू असताना कंपाईल व्हायचे, पहिल्यांदा ॲनिमेशन आलं की झटका बसायचा. तिच्या जागी आलेल्या इम्पेलरमधे ते बिल्डच्या वेळीच तयार होतात. आयओएसवर 2023 मधे, 3.10 पासून इम्पेलर डीफॉल्ट झालं आणि विजेटचा कोड बदलायची गरज पडली नाही.