खारबंदिस्ती

खाडीकाठच्या सखल जमिनीत भरतीचे पाणी शिरू नये म्हणून घातलेला बांध आणि आतले पावसाचे पाणी बाहेर काढण्याची सोय, या दोन्हींना मिळून कोकणात खारबंदिस्ती म्हणतात. रायगड जिल्ह्यात धरमतर खाडीच्या आसपास, पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, ती ठळकपणे दिसते.

बंदिस्तीचे मर्म उघाडीत, म्हणजे पाणी सोडणाऱ्या दारात असते. बांधाच्या पोटातून मोरी काढतात आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला झडप टांगतात. भरती चढली की खाडीचे पाणीच झडप दाबून बंद करते. ओहोटी लागली की आत साचलेले पाणी ती ढकलून बाहेर पडते. ना पंप, ना वीज. मात्र झडपेत गाळ किंवा ओंडका अडकला की खारे पाणी थेट भातात. बांधापुढची तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, लाटांचा जोर मोडतात. उधाणात बांधाला खांड गेली, तर पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पीक हाती लागत नाही. १९४८ च्या आणि पुढे १९७९ च्या खारजमीन कायद्याने ही कामे सरकारी योजनांच्या कक्षेत आली.

शहर वसवतानाही हेच तत्त्व वापरले गेले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने नवी मुंबईत खाडीलगत धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी शहराचे पावसाचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला झडपांतून खाडीत जाते. पुढे या तलावांत गाळ भरला, त्यात कांदळवन रुजले. ते तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते आणि गाळ काढला नाही तर तलावाची धारणशक्ती घटते. दोन्ही बाजूंना सुरक्षेचाच प्रश्न असल्याने हा पेच सोपा नाही.

समुद्राची पातळी वाढते तशी उघाडी उघडी राहण्याची वेळ कमी होते. त्याच वेळी थोड्या तासांत कोसळणारा पाऊस वाढला, तर आत पाणी थांबवायला जास्त जागा लागेल. प्रत्यक्षात मात्र खारजमिनीवर भराव पडून तीच जागा आटते आहे, आणि भरावाने अडलेले पाणी शेजारच्या सखल पाड्यात शिरते. म्हणून खाडीकाठच्या गावाचा विकास आराखडा करताना रस्त्यांच्याही आधी उघाड्या, नाले आणि पाणी साचणारी खाचरे नकाशावर आली पाहिजेत. ती कुठे आहेत, हे तिथल्या शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना ठाऊक असते.