ऑफिसचा फोन : ३ लाइन ८ एक्स्टेंशनचं गणित आलं कुठून

छोट्या ऑफिसात फोन सिस्टीम लावायची म्हटली की डीलर आजही आधी हेच विचारतो, बाहेरच्या लाइन किती आणि एक्स्टेंशन, म्हणजे आतले फोन, किती. पॅनासॉनिकचं टीए-३०८ ज्यांनी वापरलंय त्यांना माहितीये, नंबरातच सगळं आलं, ३ लाइन आणि ८ एक्स्टेंशन.

आपल्याकडे हा हिशोब पक्का झाला तो टंचाईमुळे. मुंबईत एक्स्चेंज १८८२ लाच सुरू झालं खरं, पण नंतर कित्येक दशकं फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, ओवायटीत (‘ओन युअर टेलिफोन’ योजना) जास्त डिपॉझिट भरलं तर जरा लवकर, मग मिळालेली एक लाइन अख्ख्या ऑफिसने वाटून घ्यायची. मोठ्या कंपन्यांत बोर्ड असायचा, त्यावर ऑपरेटर बाई कॉर्ड खुपसून कॉल जोडणार, पण दहा माणसांच्या ऑफिसला ते कुठलं परवडायला! १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी टेलिकॉम संशोधन संस्था उभी राहिली, त्याच सुमाराला फोनची उपकरणं बनवायला खासगी कारखान्यांना परवानगी मिळाली, आणि मग ईपीएबीएक्स, म्हणजे ऑपरेटरशिवाय कॉल जोडणारं ऑफिसातलं छोटं एक्स्चेंज, छोट्या ऑफिसांच्या भिंतीवर दिसायला लागला. ० दाबा, बाहेरची लाइन घ्या, ही सवय तिथलीच.

पण लाइन किती, याचं खरं उत्तर त्याच्या कितीतरी आधी, १९१७ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने देऊन ठेवलंय. त्याच्या सूत्राने ३ लाइन असतील तर सगळ्यात बिझी तासात मिळून साधारण २७ मिनिटं बोलणं होईपर्यंत शंभरात एखादाच कॉल एंगेज लागतो. ५ लाइन केल्या की तीच मर्यादा ८१ मिनिटांवर जाते, म्हणजे लाइन दुप्पट पण नाही आणि क्षमता तिप्पट! आता याच ५ लाइन सेल्सला ३ आणि अकाउंट्सला २ अशा वेगळ्या काढून दिल्या तर २७ अधिक ९, फक्त ३६ मिनिटं. तरी मॅनेजर लोकांना आपल्या डिपार्टमेंटची वेगळी लाइन हवीच असते, त्यात गणित कमी आणि मान जास्त. सगळ्या लाइन एका नंबरावर हंटिंगला टाकाव्यात, म्हणजे एक बिझी असली की कॉल आपोआप पुढच्या मोकळ्या लाइनवर जाईल, हे माझं मत.

१९९९ मध्ये अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या पोराला आपल्या छोट्या कंपनीसाठी तयार सिस्टीम महाग पडत होती म्हणून त्याने स्वतःच सॉफ्टवेअर लिहिलं, ते अ‍ॅस्टेरिस्क, फुकट दिलं, आणि जुना पीसी पण एक्स्चेंज बनू शकतो हे सगळ्यांना कळलं. आपल्याकडे सरकारने १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनी उघडली पण देशातल्या लँडलाइनला नेटवरून कॉल जोडायला बंदी ठेवली, त्यामुळे बरीच ऑफिसं आत आयपी (नेटवर्कच्या केबलवर चालणारे फोन) आणि बाहेर टेलिफोनच्या तांब्याच्या तारांची जोडी अशी अर्धवट राहिली.

त्यात एक जुनी सोय मात्र गेली. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट यायचे, लाइट गेली तरी साधा फोन चालू. आयपी फोनला करंट बहुतेक वेळा नेटवर्क स्विचमधून (सगळ्या फोनच्या केबल जोडायचा डबा) मिळतो, म्हणून कोटेशनमध्ये फोनच्या आधी त्या स्विचचा आणि राउटरचा यूपीएस लिहून घ्या, डीलर तो बहुतेक वेळा वेगळा लावतो.